बशीतलं पाणी : माळावरच्या पाणवठ्याची वही

१६ जानेवारी २०२५

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरून हे दोन वस्तू घेऊन आले. माझ्यासाठी बांगड्या आणि स्वतःसाठी शंभर पानी वही. बांगड्या हातात जाईनात. वही माझ्याकडे आली, कारण यांचं अक्षर यांनाही लागत नाही.

यंत्रमागाचा कारखाना दिवाळीला बंद केला. सहा माग भंगाराच्या भावात गेले, तो विषय इथं नको. मार्डीच्या पुढं सासऱ्यांनी घेतलेलं चार एकर रान आहे. अडीच एकर वाट्यानं लावलंय, उरलेलं दीड एकर निव्वळ मुरूम. कुसळी गवत, तरवड, एक हिवराचं झाड. सातबाऱ्यावर त्याला ‘पोटखराबा’ म्हटलंय. त्या पोटखराब्यात उन्हाळ्यापुरता पाणवठा बांधायचा, पाऊस पडेपर्यंत जमेल तितके दिवस तिथल्या खोलीत राहायचं आणि पाण्यावर कोण कोण येतं ते या वहीत लिहायचं. एवढाच प्रकल्प.

यांच्या मनात खरा पाहुणा एकच आहे, माळढोक. लहानपणी बार्शीला जाताना एसटीच्या खिडकीतून पाहिला होता म्हणे. तोंडानं कबूल करत नाहीत, पण वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं चित्र काढलेलं सापडलं. मला आधी बगळा वाटला. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावंच्या गावं त्यात आली होती. पुढं ते आक्रसून सव्वाबाराशेच्या आसपास आलं. पक्षी त्याहून वेगानं आटला. आता जगात मिळून दीडशेही नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात.

मी मूळची गुहागरची. लग्नानंतर पहिली पाच वर्षं मला या माळावर काही दिसतच नव्हतं. आता सव्वीस झाली.

२ फेब्रुवारी

जागा ठरली. डांबरी रस्ता लांब, वस्तीवरची कुत्री लांब, तीन बाजूंनी मोकळं. झुडपाला लागून पाणी ठेवलं की मांजर आणि मुंगूस दबा धरून बसतात. हिवर पश्चिमेला, म्हणजे उतरत्या उन्हात सावली हौदावर येईल.

शेळ्यावाले मामा काठी टेकून बराच वेळ बघत होते. “मालक, हिहीर काढायलाय का?” यांनी समजावलं. मामा म्हणाले, “बरंय की. माझ्या शेरडास्नी पण होतंय.” यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, शेरडंही जनावरंच आहेत.

९ फेब्रुवारी

आकार बशीचा. व्यास सात फूट, मधोमध खोली नऊ इंच, काठापासून मध्यापर्यंत सलग हलका उतार. खोल हौद करायचा मोह होतो, पाणी जास्त दिवस पुरतं म्हणून. पण शेजारच्या शेततळ्यात गेल्या उन्हाळ्यात ससा बुडाला. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, आत गेलेलं बाहेर येत नाही. बशीत चिमणीलाही चालत उतरून चालत वर येता आलं पाहिजे.

मुरूम ठोकला, कोंबडजाळी अंथरली, वर दोन इंच काँक्रीट. इथपर्यंत ठीक. आम्ही चहाला खोलीत गेलो तेवढ्यात गवंड्यानं हौसेनं वरून सिमेंटचं पाणी सोडून कोबा असा घोटला की त्यात तोंड दिसावं. “वहिनी, बघा, नुसतं लोणी!” बिचाऱ्यानं जीव ओतला होता. ओलं होतं तोवर खराट्यानं रेघा ओढून सगळं खरखरीत करावं लागलं. गवंडी आमच्याकडं बघतही नव्हता. मजुरीचे पैसे घेताना म्हणाला, “पुढच्या बारीला मला नका बोलवू.”

२२ फेब्रुवारी

बारा दिवस पोती टाकून पाणी मारलं. मग तीन वेळा हौद भरून उपसून टाकला. पहिलं पाणी चुन्यासारखं पांढरट आणि बुळबुळीत होतं, दुसरं बरं, तिसरं स्वच्छ. हौदात साधारण तीनशे लिटर बसतं. विहिरीवरून टाकीत, टाकीतून ठिबकच्या नळीनं हौदात.

पाणी मोजायला मध्यभागी मागावरची जुनी लाकडी कांडी उभी केली, बोटाबोटावर खुणा करून. कारखान्यातलं काहीतरी कामाला आलं म्हणून हे खूश.

२६ फेब्रुवारी

ट्रॅप कॅमेरा बसवला. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो. पहिल्या दोन रात्रींत १,१४० फोटो निघाले. १,१३७ गवताचे, दोन मामांच्या बोकडाचे, एक माझा, पाठमोरा. समोरचं गवत कापलं.

३ मार्च

पाहुणे यायला लागले. तितर जोडीनं येतात आणि एकमेकांशी भांडत पितात. डोंबारी चंडोल, होले, खाटिक, एक घोरपड. काळविटं लांबून बघून गेली, माद्या अकरा आणि नर एक. पाण्याला तोंड लावलं नाही. पलीकडच्या रानात हरभरा आहे, त्यांना तहान कशाला लागेल. हरभऱ्याच्या मालकाचं यावर मत वेगळं आहे आणि ते छापण्यासारखं नाही.

पखुर्ड्यांनी मात्र जीव खुळा केला. ऊन वर आल्यावर, नऊच्या सुमाराला, आधी आवाज येतो, मग वीस-पंचवीसचा थवा डोक्यावरून एक फेरी मारतो. थेट पाण्यावर कधीच उतरत नाहीत. पन्नास पावलांवर उतरतात, उतरल्या की दिसेनाशा होतात, इतका रंग मातीचा. मग दगडच चालायला लागावेत तशा सरकत सरकत पाण्याशी. आठ-दहा घोट आणि भुर्रकन सगळ्या एकदम. दोन-तीन नर मागं राहून पाण्यात बसून होते. हे म्हणाले, अंघोळ. मी रकान्यात ‘अंघोळ’ असं लिहिलं.

११ मार्च

यांनी ग्रंथालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलंय. माळढोकाचं पान वाचलं. नाकतोडे, टोळ, बोरं यांतूनच त्याला पुष्कळसा ओलावा मिळतो, पाण्यावर तो क्वचितच येतो. ते वाचून यांनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ हिवराकडं बघत बसले. मला हे जानेवारीपासून माहीत होतं. सांगितलं असतं तर हौद झाला नसता.

२३ मार्च, गुहागर

भाच्याचा साखरपुडा. कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण करत काल रात्री पोचलो. पाणवठा मामांच्या हवाली.

पहाटे भावाबरोबर किनाऱ्यावर. सुरूच्या बनाखाली जाळीचं कुंपण, आत ओळीनं खड्डे, प्रत्येकावर पाटी, अंडी कधीची आणि किती. ऑलिव्ह रिडले कासवीण रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. परत बघायला येत नाही. अंडी कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी लागू नयेत म्हणून कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. आम्ही लहान होतो तेव्हा ही अंडी लोक टोपलीनं नेत. आमच्या घरीही आली असतील, आईला विचारलं तर ती विषय बदलते.

पिल्लं निघायच्या आधी खड्ड्यावरची वाळू खचते. खाली अंडी फुटून जागा झालेली असते. कासवमित्र पोरगा बोट दाखवून म्हणाला, “ही बघा, बशी झाली.” आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. त्याला कळेना काय झालं.

एकेचाळीस पिल्लं निघाली. पाण्यापासून थोडं अलीकडं सोडली, उरलेलं अंतर त्यांनी आपल्या पायांनी जायचं. लोक दोरीच्या मागं. सोडण्याआधी वाळू सारखी करायला हेही गेले होते, आणि त्यांच्याच टाचेचा एक खड्डा सारखा करायचा राहिला होता. नेमकं एक पिल्लू त्यात पडलं. हाताच्या अंगठ्याएवढं जनावर आणि त्याला ती विहीर. वल्ह्यासारखे पाय हापटतंय, वर येतंय, वाळू ढासळतेय, पुन्हा तळाशी. हे दोरीखालून वाकले. “हात नाही लावायचा, काका. चालूदे त्याला.” यांनी हात मागं घेतला पण मूठ सोडली नाही. पिल्लानं बाजू बदलली, समुद्राकडची सोडून डावीकडची, तिथं वाळू ओली आणि घट्ट होती. वर आलं. त्याच्याबरोबरची केव्हाच गेली होती. लाटेनं त्याला दोनदा परत आणून टाकलं, तिसऱ्यांदा दिसलं नाही.

हे घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “टाच माझीच होती.”

२४ मार्च, गुहागर

कुंपणावर हिरवं सावलीचं कापड का, असं यांनी त्या पोराला विचारलं. त्यानं सांगितलं ते असं. पिल्लू नर होणार की मादी हे वाळू किती तापते त्यावर ठरतं. साधारण २९–३० अंशांच्या आसपास सीमा आहे. त्याच्या वर गेलं की माद्या जास्त, खाली नर जास्त. फारच तापलं तर काहीच नाही. म्हणून कापड. हे दिवसभर वाळूत हात खुपसून बघत होते. साखरपुड्यातही नखांत वाळू.

कुंपणाच्या पलीकडं, जिथं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं तिथं, एक घरटं रात्री उकरलेलं दिसलं. फाटक्या चामड्यासारखी टरफलं विखुरलेली, शेजारी कोल्ह्याचे ठसे. महिनाभर आम्ही माळावर कोल्हा यावा म्हणून कॅमेऱ्याचे सेल जाळतोय. इथं त्याला शिव्या.

२६ मार्च, गुहागर

समुद्र गरुड दोनदा दिसला. पांढरं पोट, पंख व्ही आकारात वर धरून तरंगतो. लहानपणी त्याच्या झाडाखाली समुद्रसापांचे सांगाडे पडलेले असत, आम्ही ते काठीनं उचलून एकमेकींच्या अंगावर टाकायचो. झाड आता नाही. डॉल्फिन बघायला बोटीनं गेलो. बोटवाल्यानं पैसे घेतले आणि पाठ दाखवली, आधी डॉल्फिनची, मग स्वतःची.

३० मार्च

पाडव्याला परत. माळावर गेलो तर हौद काठोकाठ. मामांनी टाकी संपल्यावर डोक्यावरून कळशा आणल्या होत्या. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, “माझी शेरडं पिली की. हिशेब झाला.”

आता दिवसाला कांडीवर एक बोट पाणी कमी होतंय, कुणी न पिताच. चार कळशा रोज उन्हाला.

६ एप्रिल

हौदापासून चाळीस पावलांवर माझा पाय पडता पडता राहिला. माळटिटवीची चार अंडी. घरटं म्हणावं असं काही नाही, मुरमात वाटीएवढा खळगा, कडेनं बारीक खडे. अंडी मुरमाच्याच रंगाची, काळसर ठिपके, चारींची टोकं आत. नजर हलवली की सापडत नाहीत. ही ती तलावाकाठी ओरडून जग गोळा करणारी टिटवी नव्हे. हिच्या डोळ्यांपुढं पिवळी लोंबती चामडी असते, डोक्यावर काळी टोपी, आवाज मवाळ. पाण्याकाठची नाही, ही कोरड्या माळावरची.

मामांना दाखवलं, म्हणजे पंचवीस पावलांवरून काठीनं दाखवलं. त्यांनी अंडी मोजून निकाल दिला, “चार हाईत. चार म्हैने पाऊस.” शेरडांची वाट दुसऱ्या दिवसापासून हिवराच्या पलीकडून. आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

जागेचा फोटो कुणाला पाठवायचा नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. कॅमेराही घरट्यावर लावायचा नाही. वही पुरे.

११ एप्रिल

मला वाटलं टिटवी आजारी आहे.

दुपारी साडेबारा. खोलीच्या खिडकीतून दुर्बीण. टिटवी हौदावर आली, काठावरून आत उतरली आणि पोटावर बसली. पाणी प्यायली नाही. बसल्या बसल्या अंग डावी-उजवीकडं डोलवत होती, पिठाची चाळण हलवावी तशी. पोटाची पिसं फुलवलेली. मग उठली आणि पळत सुटली. उडाली नाही, पळत गेली. मी दुर्बीण तिच्यावरच ठेवली. अंड्यांवर दुसरी बसली होती, ती उठून बाजूला झाली. ही अंड्यांवर उभी राहिली. पाय थोडे फाकलेले. पोटाखालून पाणी ठिबकताना दिसलं. ठिबकलं, थांबलं, पुन्हा ठिबकलं. मग हळूच खाली बसली.

मुलाला लहानपणी ताप आला की मी रात्रभर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची. अगदी तसंच.

यांना हाक मारली, “अहो, लवकर या!” हे धावत आले आणि पहिला प्रश्न, “माळढोक?”

१२ एप्रिल

रंगखान्यातला थर्मामीटर यांनी भंगारात घातला नव्हता. सूत रंगवताना कढईचं तापमान बघायचा, ११० अंशांपर्यंतचा, लांब दांड्याचा. दुपारी दोन वाजता घरट्यापासून बऱ्याच लांब, तसल्याच उघड्या मुरमावर तो आडवा ठेवून वर चिमूटभर माती टाकली. पाच मिनिटांत ५७. आमच्याकडं फिक्या रंगाला यापेक्षा गार पाणी चालायचं, हे म्हणाले. कोंबडीची अंडी उबवायच्या यंत्रात ३७.५ अंश ठेवतात. म्हणजे सोलापुरात एप्रिलमध्ये टिटवी अंडी उबवत नाही. निववते. उब द्यायचं काम पहाटेपुरतं, बाकी दिवसभर स्वतःची सावली आणि ओलं पोट.

सकाळी अकरा ते दुपारी चार आळीपाळीनं पहारा दिला. नर-मादी मिळून चौदा फेऱ्या. आमच्या दोघांच्या मिळून चहाच्या सहा.

रात्री मी वही मागं उलगडली. ३ मार्च, पखुर्ड्यांचे नर, ‘अंघोळ’. पुस्तकात शोधलं. नर पखुर्डीच्या पोटाची पिसं स्पंजासारखी असतात. पाण्यात बसून तो ती भिजवतो आणि उडत पिल्लांकडं जातो. पिल्लं त्याच्या पोटाला चिकटून पिसांतलं पाणी ओढून पितात. अंघोळ कसली. कावड होती ती.

आम्ही रकाना आखला होता, ‘प्यायला कोण आलं’. आज शेजारी दुसरा आखला, ‘न्यायला कोण आलं’.

१३ एप्रिल

कामात बदल. आतापर्यंत हौद संध्याकाळी भरत होतो. दुपारपर्यंत पाणी मध्यात गोळा व्हायचं आणि काठाजवळचा उतार कोरडा. टिटवीला पोट भिजायला दोन बोटं पाणी लागतं, तिथवर जायला तापलेल्या काँक्रीटवरून चालावं लागतं. आजपासून सकाळी दहाला भरायचा. शिवाय ज्या बाजूनं ती येते तिकडं पाण्यात दोन सपाट दगड टाकले. तिनं दगडांकडं ढुंकूनही पाहिलं नाही. एक सरडा मात्र ताबडतोब येऊन बसला, गळ्याखालचा निळा-केशरी पंखा उघडझाप करत, जणू जागा त्याच्याच नावावर आहे.

१९ एप्रिल

शहरात यावं लागलं, बिलं भरायला. दोन दिवस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली होती, आज गरम आमटी.

भावानं बातमी पाठवली. जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेलेल्या एका कासविणीच्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये लावलेली. म्हणजे पूर्वेच्या समुद्रातून वळसा घालून पश्चिमेला, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. आजवर समजूत होती की दोन्ही किनाऱ्यांची कासवं आपापल्या जागी. अंडी १२०, त्यांतली १०७ पिल्लं निघाली.

हे म्हणाले, “एकशेवीस! माळढोक एका वेळेला एक घालतो. एक. तेही उघड्यावर.” मग जेवण होईपर्यंत गप्प.

२४ एप्रिल

तीन अंडी. एक गेलं. भोवती मुंगसाची पावलं आहेत असं हे म्हणतात. मला ती मामांच्या करडाचीही वाटली असती. टिटवी बसलीय, मोजत नाही बहुतेक.

वस्तीवरची तीन कुत्री हौदावर येऊन बसायला लागलीत. त्यांना हाकलणं हे सध्या सगळ्यात मोठं काम. लांडगा, कोल्हा, खोकड यांचं बाजूला राहू दे, या माळावरच्या जमिनीवरच्या घरट्यांना खरा धोका मोकाट कुत्र्यांचा आहे, असं माझं मत झालंय. कुणाला पटो न पटो.

पारा ४३. दर आठ दिवसांनी हौद उपसून काथ्यानं घासायचा, नाहीतर शेवाळ आणि डासांच्या अळ्या. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी.

६ मे

दोन पिल्लं. तिसरं अंडं तसंच पडून.

सकाळी सातला अंड्याला चीर होती, साडेदहाला पिल्लू उभं. पाय आधी, बाकीचं पिल्लू नंतर, अशी त्याची रचना. आईनं टरफल चोचीत धरून लांब नेऊन टाकलं. टरफलाची आतली बाजू पांढरी, मुरमावर चमकते. घार डोक्यावर आली तेव्हा आईनं एक बारीक आवाज दिला आणि दोन्ही पिल्लं जागच्या जागी मुरूम झाली. घार गेली. मी त्यांना चार मिनिटं शोधत होते, दुर्बीण त्यांच्यावरच असताना.

दुपारी पुन्हा ओलं पोट. आता अंड्यांऐवजी पिल्लं खाली शिरतात. एकाचं डोकं पिसांतून बाहेर, त्यावरून थेंब ओघळला.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. आज रात्री जंगलाजंगलांत पाणवठ्यांवर मचाणी बांधून वन विभागाची प्राणीगणना होते. आमची खासगी गणना खोलीच्या पत्र्यावर, दोन चादरी, एक थर्मास, धपाटे. ढग होते, चंद्राचा लपंडाव.

साडेसातला रातवा. दगडावर दगड ठेवल्यासारखा आवाज, मग थेट पाण्यावरून एक चोच. पावणेनऊला ससा. साडेदहाला खोकड, दोन. आकारानं मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. एक पीत असताना दुसरं पाठ करून पहारा देतं, मग अदलाबदल. हे कानात म्हणाले, “बघ, शिस्त.” मी म्हटलं, आपल्याकडं दोघंही एकदम घोरतात. आणि तसंच झालं. शेवटची नोंद माझ्या अक्षरात बारा पस्तीसची आहे, पुढं रेघ घसरत गेलीय.

१३ मे

पहाटे उठून खाली आलो. हौदाच्या काठाशी चिखलात ठसे. कुत्र्यापेक्षा मोठे, लांबट, एकामागे एक सरळ ओळीत, ना रेंगाळणं ना हुंगणं. येऊन पिऊन गेलेला लांडगा. कॅमेऱ्याकडं धावलो. सेल संपलेले. शेवटचा फोटो मध्यरात्र उलटून गेल्यावरचा, पत्र्यावर झोपलेले दोन गठ्ठे.

सेल बदलायची जबाबदारी कुणाची होती यावर सकाळचा चहा गेला.

मामांना सांगायचं की नाही यावर दुपार गेली. गेल्या साली त्यांची दोन शेरडं लांडग्यानं नेली, भरपाईच्या कागदांपायी चार खेपा झाल्या. शेवटी मीच सांगितलं. मामा ठशांशी उकिडवे बसले, बोट घालून खोली बघितली. “मादी असंल. बारीक हाय.” मग उठून म्हणाले, “तान्हेला लांडगा वस्तीवर येतो, ताई. हितं पितोय ते बरंय. कुत्र्यास्नी मात्र हाणा.”

२२ मे

पाऊस. मे महिन्यात. परवा विजांसह एक सर, काल तासभर, आज दुपारपासून थांबलेलाच नाही. खोलीचा पत्रा दोन ठिकाणी गळतो. पिल्लं कालपर्यंत दोन होती, आज एकच दिसलं. दुसरं गवतात असेल. कुसळीला हिरवे कोंब आलेत.

मामा छत्री धरून आले, एवढंच म्हणायला, “चार अंडी. म्हणलं होतं का नाही?”

२७ मे

मान्सून कोकणात पोचला, इतका लवकर की आईच्या फणसपोळ्या अंगणातच भिजल्या. इकडं माळावर जागोजागी डबकी. पाच दिवस पाणवठ्यावर एकही पाहुणा नाही. दोन्ही रकाने कोरे. टिटवीही दिसली ती लांब, तरवडापाशी, पोट कोरडं. पिल्लू तिच्यामागं, आता लांब टांगांचं.

हौद काठोकाठ, तांबूस, वर गवताच्या काड्या. आज घासायचा दिवस. हे घमेलं आणि काथ्या घेऊन गेले आणि तसेच परत आले. “बघायला चल.” काल रात्री सोनबेडकांनी माळ डोक्यावर घेतला होता, ते पिवळेजर्द ढोल आम्ही झोपेत ऐकले होते. सपाट दगडांच्या आडोशाला पाण्यावर पातळ साय धरल्यासारखं काहीतरी, त्यात काळे ठिपके. मोजायला बसले, दोनशेपर्यंत मोजून सोडून दिलं.

काथ्या खोलीत खिळ्याला टांगला. कांडी तेवढी काढून आणायची राहिली, ती पाण्यात हात घातल्याशिवाय निघत नाही.